दोनशे बारा खाकी पुस्तकं

आमच्या वाचनालयात लहान मुलांनी येऊ नये असा नियम कधीच नव्हता. फक्त एक पाटी होती: 'लहान मुलांनी वर्तमानपत्रांस हात लावू नये.' आता वर्तमानपत्र सोडलं तर हात लावण्यासारखं दुसरं काही उघड्यावर नव्हतंच. पुस्तकं कपाटात, कपाटाला कुलूप आणि कुलपाची किल्ली अध्यक्ष नारायणरावांच्या करदोड्याला. सकाळी ती मागून आणायची, संध्याकाळी परत नेऊन द्यायची. गावातला माणूस पुस्तक मागायला लाजतो ते काही उगाच नाही.

गावाचं नाव मी सांगत नाही. मला इथंच राहायचं आहे. धाडच्या बाजाराची जीप ज्या फाट्यावर रिकामी होते, ते आमचं गाव, एवढं पुरे.

मी तिथला ग्रंथपाल, पुंजाजी. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. पण वाचनालयात ग्राहक नसल्यामुळे कपाटातली अकराशे पुस्तकं मी वाचून काढली. वाचून माणूस शहाणा होतो म्हणतात. मी चिडका झालो. रस्त्यावर, नळावर, शाळेच्या गळक्या छतावर मी वर्तमानपत्रांना पत्रं लिहितो. छापताना ते त्यातला राग काढून टाकतात आणि खाली नाव माझं ठेवतात. लोक वाचतात आणि म्हणतात, "पुंजाभाऊ, या खेपेले नरमच लेहलं."

तर एके दिवशी वाचनालयाच्या नावानं एक पत्र आलं. आलं म्हणजे माझ्यापर्यंत आलं. त्याआधी अकरा दिवस ते नारायणरावांच्या ओसरीवर चहाच्या कपाखाली होतं. कुठल्याशा संस्थेनं लिहिलं होतं की खेड्यातल्या ग्रंथपालांसाठी बुलढाण्याला दोन दिवसांचं शिबिर आहे, आणि निवडलेल्या वाचनालयांना मुलांच्या आणि किशोरवयीन वाचकांच्या पुस्तकांची एक पेटी मिळेल. अट एकच. तीन महिन्यांनी कुणीतरी बघायला येईल. मुलं खरोखर वाचताना दिसली तर पेटी तुमची. नाही तर ती उचलून पुढच्या वाचनालयाला. आणि पुढचं वाचनालय नांदुऱ्याकडचं होतं, हे मुद्दाम लिहिलं होतं. आमच्या भागातल्या माणसाला कामाला लावायचं असेल तर त्याला बक्षीस दाखवू नये, नांदुरा दाखवावं.

अर्ज ऑनलाइन भरायचा आणि मुदत त्याच दिवशी संपणारी. मी सेतू केंद्रावर गेलो. तिथल्या पोरानं अर्ज वाचत विचारलं, "काका, किशोरवयीन वाचक किती?"

"शून्य."

"चाळीस टाकू काय? सगळे टाकून राह्यले."

"शून्य म्हणजे शून्य. माझ्या वाचनालयाबद्दल खोटं बोलायचा अधिकार मी तुला दिला नाही."

"तुमचं तुमी पाहा," असं म्हणून त्यानं शून्य टाकलं आणि पुढच्या माणसाचा सातबारा काढायला घेतला. माझ्या बायकोला, वंदनाला, हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "सत्यवादी हाय माहा नवरा. म्हनून आपल्या घरी कधी काही येत नाही." पण आठ दिवसांनी फोन आला. बोलणाऱ्या बाईंचं नाव समता मॅडम. त्या म्हणाल्या, "साठ अर्जांत शून्य लिहिणारे तुम्ही एकटेच आहात. म्हणून तुम्हाला घेतलं."

त्या दिवशी मी वंदनाकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

शिबिराबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण ते माझ्या अब्रूचं प्रकरण आहे. बावन्न वर्षांचा माणूस, कानाशी पांढरे केस, आमदाराविरुद्ध दोनदा पत्र लिहिलेलं. त्याला सतरंजीवर बसवून सांगितलं की तुम्ही अस्वल आहात, आता गोष्ट सांगा. चाळीस ग्रंथपालांसमोर मी अस्वल झालो. सिंदखेडराजाकडचा एक निवृत्त मास्तर कोल्हा होता, त्यानं माझ्यापेक्षा चांगलं काम केलं, हे मला अजून सलतं. पण एक गोष्ट मी वहीत दोनदा अधोरेखित करून आणली. समता मॅडम म्हणाल्या होत्या, "मूल नाव वाचून पुस्तक उचलत नाही, चित्र बघून उचलतं. पुस्तकाची पाठ दाखवू नका, तोंड दाखवा. मुखपृष्ठ समोर, मुलाच्या हाताच्या उंचीवर. बाकी काही नाही जमलं तरी एवढं करा."

एवढं करायचं ठरवून मी आलो. सुताराकडून बुटकी मांडणी करून घेतली. नारायणराव म्हणाले, "इतकी बुटकी? कुत्रं मुतीन ना त्याच्यावर." मी म्हणालो, कुत्र्याची सोय मी बघतो.

डिसेंबरात पेटी आली. दोनशे बारा पुस्तकं. काय मुखपृष्ठं होती, सांगतो. एकावर निळा हत्ती, एकावर पाण्याच्या टाकीवर चढलेली मुलगी, एकावर नुसती एक चप्पल. गावानं एवढे रंग एकदम फक्त लग्नाच्या मांडवात पाहिले होते. नारायणरावांनी नारळ फोडला, पेटीला हार घातला, आणि भाषणात पुस्तकांना सरस्वतीमाता म्हणून सांगितलं की यांना जपणं ही आपली जबाबदारी आहे. खरा घोळ त्या वाक्यातून सुरू झाला.

वाचनालयासमोर मनकर्णाबाईंचं भाजीचं दुकान. दुकान म्हणजे पोतं आणि तराजू. स्वतःच्या मळ्यातली मेथी, गाजरं, वांगी. वय अडुसष्ट, अक्षरओळख नाही, पण वजनात कुणी फसवून दाखवावं. त्या हार घातलेल्या पेटीपाशी आल्या, निळ्या हत्तीवर हात फिरवला आणि काळजीनं म्हणाल्या, "पुंजाजी, इतके नाजूक पुस्तकं पोट्ट्यायच्या हाती देतं तू? एकाचा हात शेवेचा, एकाचा डिंकाचा. आठ दिसात चिंध्या होतीन."

मी घाईत होतो. दुसऱ्या दिवशी बीबी गावाला वंदनाच्या मावसबहिणीच्या पोरीचं लग्न होतं, दोन दिवस जाणार होतो. मी म्हणालो, "मावशी, मी नाही तोवर लक्ष ठेवा. जपा." आणि वाचनालयाच्या दाराची किल्ली त्यांच्या हातात दिली.

जपा. माणसानं शब्द जपून वापरावेत, हे मी लोकांना पत्रांतून शिकवतो.

बीबीहून परत आलो, वाचनालयाचं दार उघडलं आणि मला वाटलं मी विटांच्या गोदामात आलो. माझ्या बुटक्या मांडणीवर, मुलाच्या हाताच्या उंचीवर, तोंड समोर करून, दोनशे बारा पुस्तकं ओळीनं उभी होती. प्रत्येकाला खाकी कव्हर. कोपरे दुमडलेले, कडा ताणून बसवलेल्या. हत्ती नाही, टाकी नाही, चप्पल नाही. प्रत्येकाच्या कपाळावर कुंकवाचं एक बोट.

आपल्याकडे जूनमध्ये शाळेची पुस्तकं आली की घरातली बाई पहिलं काम काय करते? कव्हर घालते. वर्षभर टिकलं पाहिजे, मग धाकट्याला झालं पाहिजे. गल्लीतल्या सात बायांनी दोन दिवस मळ्याची कामं सोडून तेच केलं होतं. खाकी कागदाचे रोल नारायणरावांनी दिले होते, तसा फलकही लागला होता. आणि कागद सुटू नये म्हणून नुसता दुमडला नव्हता, मैद्याच्या खळीनं चिकटवला होता. वर लोखंडी पाटा ठेवून वाळवला होता.

मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या. कोपरापर्यंत खळ वाळलेली, बोटांच्या भेगांत पांढरी. म्हणाल्या, "चौसष्ट मी एकटीनं घातले. आता पाह्य, धा वर्स काई होत नाई यायले."

मी निर्भीड माणूस. तहसीलदाराला भर सभेत खाली बसवलेलं आहे. मी तोंड उघडलं, त्या हातांकडे पाहिलं आणि म्हणालो, "मावशी, चहा घेतला का?"

त्या गेल्यावर मी आतून कडी लावली आणि एक कव्हर हळूच सोलून पाहिलं. खळ पक्की होती. कागदाबरोबर निळ्या हत्तीची सोंड निघून आली. मी सोंड परत चिकटवली, ती उलटी बसली. मग मी खुर्चीवर बसून राहिलो. नांदुऱ्याची माणसं पेटी टेम्पोत चढवताहेत असं मला स्वच्छ दिसत होतं.

सल्ले सगळ्यांनी दिले. वंदना म्हणाली, वाफ द्या, इडलीच्या भांड्यात. नारायणराव म्हणाले, आहे तेच बरं, शिस्तीत दिसते. सेतूवाला पोरगा म्हणाला, काका, बारकोड लावा. शेवटी मी मार्कर घेतला आणि एकेक पुस्तक उघडून त्याचं नाव कव्हरवर लिहायला बसलो.

मुलांचा विभाग तर मी सुरू केलाच होता. मुलं आली, पण खाकी पुस्तक आणि शाळेचं पुस्तक यात मुलाला फरक दिसत नाही. उचलायची, उघडायची, आपटायची, पळायची. शिवम नावाचा पाचवीतला पोरगा मला म्हणाला, "काका, हे सगळे भूगोलच हायेत काय?"

मोठ्या मुली तर दारातही येत नव्हत्या. कारण आत पेपर वाचत, पाय वर घेऊन, गावातले सहा-सात बाप्ये बसलेले असत. मनकर्णाबाईंची नात निशिगंधा आठवीत होती. आजीच्या पोत्याशी बसून मेथीच्या जुड्या बांधायची आणि माझ्या मांडणीकडे बघायची. मी एकदा तिला हाक मारली, तर आजीच बोलली, "मोठी झाली ते आता. तथी माणसं बसतेत. काऊन बलावतं तिले?"

उत्तर होतं, पण ते माणसांबद्दल होतं आणि ती माणसं तिथंच बसली होती.

एका दुपारी मी पायरीवर बसून नावं लिहीत होतो. एकोणसाठावं पुस्तक. निशिगंधा मेथीची जुडी हातात घेऊन बघत होती. म्हणाली, "पुंजाकाका, नाव लेहून काय फायदा?"

"मग काय लिहू? तुझ्या आजीचं नाव लिहू?"

"नावावरून का समजते? आत काय हाय ते लेहा ना."

मी वैतागलो होतो. पुस्तक तिच्या पोत्यावर टाकलं आणि म्हणालो, "वाच आणि तूच लिही."

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत आलं. खाकी कव्हरवर, कुंकवाच्या बोटाखाली, निळ्या पेनानं लिहिलं होतं: 'यात एक मुलगी आहे. तिला घरात कोणी विचारत नाही. पान १९ पर्यंत ती गप्प बसते. नंतर बसत नाही. — निशिगंधा'

मी ते तीनदा वाचलं. अकराशे पुस्तकं वाचलेला माणूस मी, पण एवढ्या कमी शब्दांत मला कुणी पान एकोणीस उघडायला लावलं नव्हतं.

त्याच दिवशी ती जुनी पाटी मी काढली आणि नवी लावली: 'पुस्तक पूर्ण वाचणाऱ्यास कव्हरवर लिहिण्याचा अधिकार आहे.' गावात अधिकार हा शब्द फार चालतो. शिवमनं पहिल्यांदाच एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलं, आणि तेही केवळ लिहायला मिळावं म्हणून. त्यानं लिहिलं: 'कंटाळवाणं आहे. पण शेवटी रेल्वे येते.' दोन दिवसांनी त्याखाली दुसऱ्या हातानं: 'रेल्वे नाही, मालगाडी आहे. शिवमने नीट वाचलं नाही.' त्यावर शिवमनं ते पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं. एका पुस्तकावर आलं: 'कुत्रा मरतो. रडायचं असेल तरच घ्या.' ते पुस्तक पुढं महिनाभर मांडणीवर दिसलं नाही. घराघरांतून रडून फिरत होतं. आणि एकावर, मोठ्या अक्षरात: 'हे अध्यक्ष आजोबांनी वाचावे. राजा किल्ली कमरेला बांधून झोपतो आणि राज्यात कोणीच घरात जाऊ शकत नाही.'

ते मी खालच्या रांगेत ठेवलं. निर्भीडपणालाही वेळकाळ असतो.

पण खरा बदल मांडणीवर झाला नाही, पायरीवर झाला. एका सकाळी मनकर्णाबाईंनी पोतं उचललं आणि रस्ता ओलांडून वाचनालयाच्या पायरीवर आणून टाकलं. नारायणराव म्हणाले, "मनकर्णाबाई, हे वाचनालय हाय, बजार नाही."

"हाव ना. म्हनूनच बसली. माही नात आत बसते. मी बाहीर बसते. पाय खाली घेऊन बसा म्हना तुमच्या माणसायले."

पेपरवाल्यांचे पाय खाली आले. त्या आठवड्यात निशिगंधाबरोबर चार मुली आल्या, पुढच्या आठवड्यात नऊ. आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला मनकर्णाबाई अडवायच्या. "माह्या कागदावर काय लेहलं रे? वाचून दाखव." वाचून दाखवलं की एक गाजर. असं करत त्यांनी सगळ्या गावाआधी, न वाचता, दोनशे पुस्तकं ऐकली. शिवमची मालगाडी त्यांना पाठ झाली होती.

मार्चमध्ये समता मॅडमचा फोन आला. उद्या येते. तासाभरात नारायणराव खाकी कागदाचे तीन नवे रोल घेऊन हजर.

"हे काय गिचमीड केलं पोट्ट्यायनं? संस्थेची वस्तू हाय. उद्या मॅडम पाहीन तं म्हनीन, कसे अडाणी लोकं. वरून नवं कव्हर घाला सगळ्यायले. अन् रजिस्टरात शंभर नोंदी वाढवा."

रजिस्टरचं मी तिथंच नाही म्हणालो. शून्याच्या जिवावर मिळालेली पेटी खोट्या शंभरावर राखायची नाही. पण कव्हरांचं, खरं सांगतो, मी गप्प राहिलो. मुखपृष्ठं दाखवा म्हणून बजावलेल्या बाईला मी काय दाखवणार होतो? खाकी विटा, त्यावर खाडाखोड, कुंकू आणि शेवेचे डाग. क्षणभर मलाही वाटलं, झाकावं. निदान स्वच्छ तरी दिसेल.

नारायणरावांनी पायरीवर हाक दिली, "मनकर्णाबाई, बायांले बलवा. खळ करा."

मनकर्णाबाई गाजरं पुसत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पह्यले घातले ते पुस्तकं जपाले. आता हे कायले? पोरायचं अक्षर झाकाले? त्याले मी हात नाई लावत. अन् ज्या बाईनं लावला, तिनं माह्याकडून मेथी नेऊ नये."

गावात दुसरी मेथी नव्हती. रोल तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी समता मॅडम आल्या. दारातच थांबल्या. मांडणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पुंजाजी, मी काय सांगितलं होतं? मुखपृष्ठ समोर."

"समोरच आहे मॅडम. फक्त आत आहे."

त्या हसल्या नाहीत. पिशवीतून तक्ता काढला, पेन उघडलं. मी मनातल्या मनात नांदुऱ्याला नमस्कार केला. त्यांनी एक पुस्तक उचललं. कव्हर वाचलं. ठेवलं. दुसरं उचललं. मग तिसरं. मग पर्स बाजूला ठेवून त्या सतरंजीवर खाली बसल्या. नारायणरावांनी मागवलेली कचोरी आली, थंड झाली, पेपरवाल्यांनी संपवली. मॅडम वाचत होत्या. कुत्र्याचं पुस्तक हातात आलं तेव्हा त्यांनी कव्हर वाचून ते बाजूला ठेवलं, आणि थोड्या वेळानं परत घेतलं.

तास-दीड तासानं त्यांनी विचारलं, "ही निशिगंधा कोण?"

निशिगंधा मुलींच्या घोळक्यात मागं सरकली. आजीनं पायरीवरून सांगितलं, "उभी राह्य ना. पान एकोणीस झालं आता."

मॅडमनी तक्त्यावर पेन ठेवून विचारलं, "किशोरवयीन वाचक किती लिहू?"

मी रजिस्टर उघडलं. "एकतीस. मोजून घ्या."

त्या मांडणीपाशी परत गेल्या. शेवटच्या रांगेत एकच कव्हर कोरं होतं. "हे कुणीच वाचलं नाही?"

शिवम म्हणाला, "त्याच्यात वाचाले काहीच नाही मॅडम. नुसते चित्रं हायेत. एक बी अक्षर नाही."

"मी वाचलं ते," पायरीवरून आवाज आला.

सगळे वळले. मनकर्णाबाईंनी पदरानं हात पुसले. "दुपारच्याले, पोट्टे शाळेत असले म्हंजे पाहत जाओ मी. चार खेपा पाह्यलं. पण मले लेहता कुठं येते."

नियम मीच केला होता. पूर्ण वाचणाऱ्यास लिहिण्याचा अधिकार आहे. मी पुस्तक निशिगंधाच्या हातात दिलं आणि म्हणालो, "आजी सांगेल, तू लिही. शब्द बदलू नकोस."

मनकर्णाबाईंनी एकेक शब्द तराजूत टाकावा तसं सांगितलं. निशिगंधानं कुंकवाच्या बोटाखाली लिहिलं:

'एक म्हातारी हाय अन् एक झाड हाय. कोनी काई बोलत नाई. मले सगळं समजलं.'

समता मॅडमनी तक्ता मिटला आणि पिशवीत टाकला. मला म्हणाल्या, "पेटी राहू द्या इथं." मग एकतीसच्या पुढं काय लिहायचं हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी नुसतंच 'अधिक एक' लिहिलं. वयाच्या रकान्यात मी अडुसष्ट टाकायला सांगितलं. खोटं कशाला लिहायचं?

कपाटाची किल्ली आता भिंतीच्या खिळ्याला असते. नारायणरावांनी ती स्वतः आणून अडकवली. राजाचं ते पुस्तक मात्र त्यांनी नेलंय, अजून परत दिलेलं नाही. मी दोनदा पत्र पाठवलं आहे.

परवा एसटीनं दुसरी पेटी आली. आणखी शंभर पुस्तकं. वरच्याच पुस्तकावर एक लाल कोंबडा होता, असा की बघत राहावं. मनकर्णाबाईंनीही बघितला, त्याच्या तुऱ्यावर बोट फिरवलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पुंजाजी, खळ करू काय?"

मी कोंबड्याकडे एकदा शेवटचं पाहून घेतलं, चपला घातल्या आणि मैदा आणायला निघालो.